निर्वैमानिक विमान आणि तोफखान्याचा डोळा

मुंबईंत जुन्या कागदांचा व्यासंग करणाऱ्या मंडळींत निर्वैमानिक विमानाची गोष्ट निघाली, म्हणजे ती हटकून गिरगांवच्या चौपाटीवर जाऊन थांबते. जे. जे. कलाशाळेशीं संबंध असलेले संस्कृतप्रेमी गृहस्थ शिवकर बापूजी तळपदे यांनीं इ. स. १८९५ (शके १८१७) मध्यें माणूस न बसवितां एक विमान चौपाटीवरून उडविलें, तें सुमारें १५०० फूट चढून खालीं आलें, आणि तो प्रसंग पाहण्यास न्यायमूर्ति रानडे व सयाजीराव गायकवाड महाराज हजर होते, अशी ही कथा आहे. कथा गोड आहे व ती सांगणारांचा हेतुहि वाईट नाहीं. परंतु कागदाची परीक्षा करणाऱ्यानें तिला पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा कीं, त्या वर्षीं, त्या गांवीं, डोळ्यांनीं पाहणाऱ्यानें लिहिलेला एखादा तरी विश्वसनीय कागद आहे काय? असा कागद उपलब्ध नाहीं. जें सांगितलें जातें तें सर्व पुष्कळ नंतरचें आहे. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शीं ही कथा पुढें जोडली गेली, तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभींचा असून त्यांत वर्णिलेलीं विमानें उडणें शक्य नाहीं, असा निर्णय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं दिलेला आहे.

ताडून पाहण्याजोगें दुसरें उदाहरण त्याच सुमाराचें आहे. ६ मे १८९६ रोजीं अमेरिकेंत पोटोमॅक नदीवर सॅम्युएल लँग्ले यांनीं वाफेच्या यंत्रावर चालणारें, माणूस नसलेलें विमान उडविलें. तें सुमारें ३३०० फूट अंतर गेलें. त्या वेळीं तेथें टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल उपस्थित होते. त्यांनीं छायाचित्र घेतलें व हकीकत प्रसिद्ध केली. तें यंत्रहि आज जपून ठेविलेलें आहे. दोन प्रसंगांत अंतर एका वर्षाचें. पुराव्यांत अंतर किती, हें वाचकांस सांगणें नलगे.

आम्ही हा मुद्दा येथेंच सोडतों. तळपद्यांच्या कथेचें खंडन हा ह्या लेखाचा विषय नव्हे. आमची तक्रार निराळी आहे. ह्या एका कथेनें सर्वांचें लक्ष इतकें वेधून घेतलें आहे कीं, निर्वैमानिक विमानाच्या लष्करी इतिहासाचा जो तारीखवार सिद्ध होण्याजोगा धागा खुद्द महाराष्ट्रांत आहे, त्याकडे कोणी वळून पाहात नाहीं. दादरहून नाशिकच्या गाडीनें कसारा घाट चढून गेलें म्हणजे तो देवळालीस सांपडतो. त्याचें एक टोंक दुसऱ्या महायुद्धांत आहे व दुसरें अगदीं अलीकडच्या, २०२५ सालच्या लढाईंत आहे. आमचें म्हणणें असें कीं, निर्वैमानिक विमान आपल्या भूदलांत आलें तें गोलंदाजाच्या घरांतून आलें. आणि हवाई युद्धाच्या व्यवहारांत त्याला सामावून घेतांना जे तंटे उभे राहिले, ते बहुतेक सर्व गोलंदाजाच्या लहानशा, माणूस असलेल्या विमानाच्या निमित्तानें पूर्वींच एकदां होऊन गेलेले होते.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. वृत्तपत्रांत 'मानवरहित विमान' हा शब्द रूढ आहे. तो आम्हांस कांहींसा फसवा वाटतो. विमानांत माणूस नसला तरी त्याच्यामागें जमिनीवर माणसें असतात, आणि तीं पुष्कळदां एकट्या वैमानिकापेक्षां अधिकच असतात. 'निर्वैमानिक' म्हटलें कीं निदान एवढें स्पष्ट होतें कीं, वैमानिक स्थानावर नाहीं; तो कोठें गेला, हा पुढचा प्रश्न मोकळा राहतो. 'ड्रोन' म्हणजे इंग्रजींत नर मधमाशी. १९३५ सालीं इंग्रजांनीं विमानविरोधी तोफांच्या सरावासाठीं जमिनीवरून बिनतारी संदेशानें चालविण्याचें एक विमान केलें, त्याचें नांव 'क्वीन बी', म्हणजे राणी माशी. त्या राणीवरूनच अमेरिकन आरमारानें आपल्या तशाच विमानांना 'ड्रोन' म्हटलें, असें मानण्यांत येतें.

ह्या नांवाच्या गोष्टींतच एक खूण आहे. क्वीन बी हें विमान कोणासाठीं झालें? गोलंदाजांसाठीं. थोडें मागें जाऊन पाहिलें तरी तेंच आढळतें. १८४९ सालीं ऑस्ट्रियन सैन्याचा व्हेनिस शहरास वेढा पडला असतां, खालीं बाँब टांगलेले, माणूस नसलेले फुगे वाऱ्यावर सोडून शहरावर मारा करण्याची युक्ति निघाली. ती काढणारा फ्रान्झ फॉन उखाटियस हा तोफखान्यांतलाच अधिकारी होता. वारा फिरला आणि कांहीं फुगे उलट ऑस्ट्रियनांच्याच डोक्यावर आले. आपल्याच सैन्याला आपल्याच निर्वैमानिक आयुधाचें भय, ह्या प्रकरणाचा हा पहिला नमुना म्हणावयास हरकत नाहीं. लँग्ले यांना १८९८ सालीं ५०,००० डॉलर मिळाले, ते अमेरिकेच्या युद्धखात्यांतल्या ज्या मंडळानें दिले त्याचें काम तोफा व तटबंदी यांविषयींचें होतें. गोलंदाजाला आकाशाची एवढी ओढ कां असावी, ह्याचें कारण सोपें आहे. तोफेची नजर तिच्या पल्ल्यापेक्षां तोकडी असते. गोळा टेकडीपलीकडे जातो, डोळा जात नाहीं.

येथें आमच्या वाचकांच्या ओळखीचा एक दाखला द्यावासा वाटतो. पानिपतच्या दिवशीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व पायदळ डाव्या बाजूस होतें. ठरलेली गोलाची रचना मोडून विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार पुढें गेले, आणि आपलेच लोक आड आल्यामुळें गारद्यांचा मारा अडला, असें सांगितलें जातें. त्या दिवसाच्या पराभवाचीं इतर कारणें किती मोठीं होतीं हा वाद येथें नको. परंतु तोफ व स्वार एकाच मैदानांत असले म्हणजे कोणीं कोठें असावें व कोणाच्या हुकुमानें, हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे हें त्यावरून दिसतें. विसाव्या शतकांत मैदानाच्या जागीं आकाश आलें एवढाच फरक. लांब पल्ल्याच्या तोफेचा गोळा कित्येक हजार फूट उंच चढून उतरतो. म्हणजे वाटेंत तोहि आकाशाचा रहिवासीच असतो. त्याच आकाशांतून हवाईदलाचीं लढाऊ विमानें जावयाचीं, त्यांतच हेलिकॉप्टरें, त्यांतच निर्वैमानिक विमानें. उंची, जागा व वेळ यांची वांटणी आगाऊ झाली नाहीं तर आपलाच गोळा आपल्याच विमानास लागावयाचा.

आतां देवळालीकडे. तोफखान्याची शिक्षणशाळा पूर्वीं वायव्य सरहद्दीकडे काकूल येथें होती. ती १९४१ सालीं देवळालीस आली. त्याच वर्षीं इंग्लंडांत 'एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट', म्हणजे हवाई निरीक्षण-ठाणें, ह्या कल्पनेचें पहिलें पूर्ण पथक उभें राहिलें. कल्पना अशी: एक लहान, बिनहत्यारी, एका यंत्राचें विमान; त्यांत बसणारा अधिकारी वैमानिक असला तरी मूळचा गोलंदाज. तो आपल्या तोफांच्या मागें, थोड्याच उंचीवर घिरट्या घालतो, गोळा कोठें पडला तें पाहतो, आणि 'डावीकडे दोनशें, पुढें चारशें' अशा भाषेंत बिनतारी यंत्रावरून दुरुस्ती सांगतो. एक गोळा लक्ष्याच्या अलीकडे, एक पलीकडे, मग अंतर निम्मेंनिम्में करीत मध्यें आणावयाचें. हें काम हवाईदलाच्या वैमानिकाकडून कां करून घेऊं नये, असा आक्षेप इंग्लंडांत हवाईदलानें जोरानें घेतला होता. त्यावर गोलंदाजांचें उत्तर असें कीं, गोलंदाजाला उडावयास शिकविणें सोपें, पण वैमानिकाला गोलंदाजी शिकविणें कठिण. शिवाय ज्या पलटणीसाठीं मारा करावयाचा तिचा निकड-वेळ ओळखणारा माणूस तिच्याच घरचा पाहिजे.

तडजोड जी झाली ती आमच्या वाचकांना नवी वाटणार नाहीं. पथकाचा क्रमांक हवाईदलाचा, विमान हवाईदलाचें, तें दुरुस्त ठेवणारे कारागीर बहुतेक हवाईदलाचे. उडणारा अधिकारी मात्र तोफखान्याचा. शिवशाहींतल्या भाषेंत बोलावयाचें तर हा अधिकारी बारगीर होता. घोडा सरकारी पागेचा, स्वार दुसऱ्याच सरदाराच्या हुकुमांतला. बारगीर आणि शिलेदार यांतला भेद केवळ घोड्याच्या मालकीचा नसून हुकुमाचाहि असतो, हें ज्यांनीं पागेचे हिशेब वाचले आहेत त्यांस ठाऊक आहे. ज्याचा घोडा त्याची दाणावैरण, आणि ज्याची दाणावैरण त्याचा शब्द शेवटचा.

असें एक पथक, क्रमांक ६५६, १९४३ सालीं मुंबईच्या बंदरांत उतरून देवळालीस गेलें व पुढें ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलें. त्याचीं ऑस्टर विमानें जंगलांत तोडलेल्या आखूड धावपट्ट्यांवरून उडत. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानांत राहिलेलें ६५९ क्रमांकाचें पथक १४ ऑगस्ट १९४७ रोजीं मोडण्यांत आलें व त्याचीं विमानें दोन देशांत वांटलीं गेलीं. फाळणींत दप्तरें वांटलीं, खजिने वांटले, तशी ही दृष्टिहि वांटली गेली. त्याच ऑगस्टांत भारताचें पहिलें हवाई निरीक्षण-ठाणें उभें राहिलें. १९६५ व १९७१ च्या युद्धांत ह्या ठाण्यांच्या वैमानिकांनीं काम केलें. गोलंदाजांचा हा उडता विभाग बारगिरीतून शिलेदारींत आला तो १ नोव्हेंबर १९८६ रोजीं, जेव्हां भूदलाचें स्वतंत्र 'आर्मी एव्हिएशन कोअर' स्थापन झालें. तेव्हांहि लढाऊ हेलिकॉप्टरें कोणाचीं हा तंटा मिटला नाहींच. तीं हवाईदलाकडेच राहिलीं. ह्या दलाची लढाऊ उड्डाणाची शिक्षणशाळा २००३ सालापासून नाशिकासच आहे, म्हणजे तोफखान्याच्या शाळेपासून हांकेच्या अंतरावर. भूगोल कधीं कधीं इतिहास स्वतःच सांगतो.

निर्वैमानिक विमान भूदलांत दाखल झालें तें ह्याच घरांत, १९९० नंतरच्या दशकांत, इस्रायली बनावटीच्या 'सर्चर' विमानांच्या रूपानें. तीं विमानें तोफखान्याच्या टेहळणी व लक्ष्यशोधन करणाऱ्या पथकांकडे देण्यांत आलीं. ह्यांत आश्चर्य कांहीं नव्हतें. हवाई निरीक्षण-ठाण्याचें काम तेंच, फक्त ठाण्यांतला माणूस खालीं उतरला होता. परंतु १९९९ च्या उन्हाळ्यांत कारगिलच्या शिखरांवर जें युद्ध झालें, त्यांत ह्या विमानांची उणीव भासली. १६ ते १८ हजार फुटांच्या कड्यांवर शत्रु बसला होता. २१ मे रोजीं छायाचित्रें घेण्यास गेलेल्या हवाईदलाच्या कॅनबेरा विमानास खांद्यावरून सोडलेलें क्षेपणास्त्र लागलें. वैमानिकांनीं तें कसेंबसें परत आणिलें. २७ मे रोजीं दोन लढाऊ विमानें गमावलीं, २८ मे रोजीं एक हेलिकॉप्टर. गोलंदाजांच्या मदतीस चीता हेलिकॉप्टरांतले निरीक्षक होते आणि शेजारच्या सुळक्यावर चढून बसलेले निरीक्षक होते. त्या युद्धांत सुमारें अडीच लाख गोळे, बाँब व अग्निबाण सोडले गेले असें सांगण्यांत येतें. एवढ्या माऱ्याला डोळे किती होते, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. के. सुब्रह्मण्यम् यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल समीक्षा समितीनें निर्वैमानिक विमानांची उणीव स्पष्ट नोंदवून तीं घेण्याची शिफारस केली. समितीचा अहवाल, कांहीं भाग वगळून, छापून प्रसिद्ध झालेला आहे. ज्यांना सरकारी कागद वाचण्याची गोडी आहे त्यांनीं तो अवश्य पाहावा. आम्हांस तो चांगल्या बखरीइतका वाचनीय वाटला, आणि बखरीपेक्षां अधिक विश्वसनीय.

त्यानंतर तिन्ही दलांनीं आपापल्या वाटेनें निर्वैमानिक विमानें घेतलीं. नौदलाचें पहिलें तसें पथक २००६ सालीं कोचीस उभें राहिलें. भूदल व हवाईदल दोघांकडेहि 'हेरॉन' आलें. ह्या हेरॉनचें थोडें वर्णन करणें जरूर आहे, कारण यंत्राची घडण समजल्याशिवाय हुकुमाचा तंटा समजत नाहीं. पंखांचा पसारा १६ मीटरांहून अधिक, वजन एका टनाहून थोडें जास्त, आणि एकदां उडालें म्हणजे चोवीस तासांहून अधिक काळ आकाशांत राहण्याची शक्ति. तें चालविणारे लोक जमिनीवर एका बंद खोलींत बसतात. एक जण विमान उडवितो. त्याला आंतला वैमानिक म्हणतात. दुसरा विमानाच्या पोटाखालचा कॅमेरा फिरवितो व दिसेल तें वाचतो. जुन्या पद्धतींत तिसरा एक जण धावपट्टीशेजारीं उभा राहून, विमान प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहात, तें उडवी व उतरवी. तो बाहेरचा वैमानिक. ऑस्टर विमानांत हे सारे एका देहांत होते. जो उडत होता तोच पाहात होता, आणि जो पाहात होता तोच तोफेला सांगत होता. हेरॉनमध्यें उडविणारा निराळा, पाहणारा निराळा, आणि ज्याच्यासाठीं पाहावयाचें तो कदाचित् शेंकडों मैल दूर. म्हणजे १९४१ सालीं ज्या दोन गुणांना एकत्र बांधण्यासाठीं गोलंदाजांनीं एवढा वाद घातला, ते गुण ह्या यंत्रानें पुन्हां सोडविले. मग हें यंत्र कोणाच्या घरीं असावें? पाहणाऱ्याच्या कीं उडविणाऱ्याच्या?

२०२१ सालीं भूदलानें ह्याचें उत्तर उडविणाऱ्याच्या बाजूनें दिलें. तोफखान्याकडील हेरॉन विमानें आर्मी एव्हिएशन कोअरकडे सोंपविण्यांत आलीं. त्यामागील विचार उघड आहे. ज्या आकाशांत हेलिकॉप्टरें उडतात त्याच आकाशांत हीं विमानें असतात. एकाच्या हातीं दोहोंची सूत्रें असलीं तर वांटणी सोपी. शिवाय इतकें मोठें विमान चालविणें हा उड्डाणाचा विषय आहे, त्याला उड्डाणाची शिस्त पाहिजे. पुढच्याच वर्षीं, ८ ऑक्टोबर २०२२ रोजीं, हवाईदलानें 'वेपन सिस्टिम्स' ही अधिकाऱ्यांची नवी शाखा जाहीर केली. तींत क्षेपणास्त्रें चालविणारे, दोन किंवा अधिक माणसांच्या विमानांत शस्त्रास्त्रें सांभाळणारे, आणि दुरून विमान चालविणारे, हे एका रांगेंत बसविले गेले. आमच्या मतें ही घटना विमानखरेदीच्या कोणत्याहि बातमीपेक्षां इतिहासाला अधिक महत्त्वाची आहे. खरेदीची बातमी मोठ्या अक्षरांत छापली जाते. १५ ऑक्टोबर २०२४ रोजीं अमेरिकेकडून ३१ मोठीं निर्वैमानिक विमानें घेण्याचा करार झाला, पैकीं १५ नौदलास व प्रत्येकीं आठ इतर दोन दलांस, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पण सैन्यांत एखादें आयुध खरोखर रुजलें कीं नाहीं हें पाहावयाचें असेल तर त्याच्या लोकांना पद, बढती व नांव मिळालें कीं नाहीं, हें पाहावें. पेशव्यांच्या तोफखान्याचा इतिहास आपण पानशांच्या घराण्यावरून वाचतों, तोफांच्या वजनांवरून नव्हे.

ह्या सर्व व्यवस्थेस घाई कां करावी लागली, हेंहि सांगितलें पाहिजे. ७ जून २००२ रोजीं, दोन्ही सैन्यें सरहद्दीवर समोरासमोर उभीं असतां, भारताचें एक सर्चर विमान लाहोरजवळ पाकिस्तानी विमानानें पाडलें. माणूस मेला नाहीं म्हणून तो प्रसंग युद्धावांचून निभावला. माणूस असता तर काय झालें असतें, कल्पना करावी. डिसेंबर २०१७ मध्यें सिक्कीमकडे एका हेरॉनचा जमिनीशीं संबंध तुटला व तें चीनच्या हद्दींत जाऊन पडलें; त्यावर दोन सरकारांत निषेधाचे खलिते झाले. आणि २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं काश्मीरांत बडगाम येथें जें घडलें तें सर्वांत दुःखद. सरहद्दीवर विमानांची चकमक चालू असतां हवाईदलाचें एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानें पडलें. हेलिकॉप्टरांतले सहा जण व जमिनीवरचा एक नागरिक असे सात जीव गेले. ही मोठी चूक झाली, असें हवाईदलाच्या प्रमुखांनीं त्याच वर्षीं ऑक्टोबरांत उघड कबूल केलें. तें हेलिकॉप्टर निर्वैमानिक नव्हतें. परंतु आकाशांत जें मंद गतीनें हलतें तें आपलें कीं परक्याचें, हें क्षणार्धांत ओळखण्याची व्यवस्था चुकली म्हणजे काय होतें, हें त्या सात जणांनीं प्राण देऊन दाखविलें. आकाशांत निर्वैमानिकांची गर्दी झाल्यावर तोच प्रश्न शेंकडोंनीं गुणला जाणार होता.

तशी गर्दी मे २०२५ मध्यें झाली. ७ मेच्या पहांटे भारतानें 'ऑपरेशन सिंदूर' सुरू केलें. ८ व ९ मे यांमधील रात्रीं पाकिस्तानकडून ३६ ठिकाणीं ३०० ते ४०० ड्रोन आले, असें सरकारनें जाहीर केलें. भारतानेंहि लक्ष्यावर घिरट्या घालून शेवटीं त्यावरच आदळणारीं निर्वैमानिक आयुधें शत्रूच्या हवाई संरक्षणावर वापरलीं. ह्या लढाईविषयीं दोन्ही बाजूंचे दावे पुष्कळ आहेत. त्यांची छाननी पुढच्या पिढीनें करावी. आम्हांस त्यांतल्या दोनच गोष्टींकडे लक्ष वेधावयाचें आहे. एक अशी कीं, आलेल्या ड्रोनांपैकीं अनेक पाडले ते नव्या क्षेपणास्त्रांनीं नव्हे, तर ४० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या एल-७० तोफांनीं. मूळ बोफोर्स कारखान्याची ही तोफ महायुद्धानंतरच्या पहिल्या दशकांतली. तिला नवी नजर, म्हणजे रडार व कॅमेरा, बसविली होती एवढेंच. स्वस्त ड्रोनावर महागडें क्षेपणास्त्र उडविणें परवडत नाहीं, म्हणून भात्यांतलें जुनें आयुध बाहेर आलें. जुन्या वस्तूंच्या संग्राहकांना ह्यांत मौज वाटल्यास नवल नाहीं. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. भूदलाच्या हवाई संरक्षणाचें 'आकाशतीर' नांवाचें जाळें हवाईदलाच्या नियंत्रण-जाळ्याशीं जोडलेलें होतें. दोहोंच्या पडद्यांवर एकच आकाश दिसत होतें, व कोणती तोफ केव्हां उडावी, केव्हां गप्प बसावी, हें त्या एका चित्रावरून ठरत होतें. हें भूदलाचें हवाई संरक्षण म्हणजेहि १९९४ पर्यंत तोफखान्याचाच एक भाग होतें. म्हणजे ड्रोन पाहणारा गोलंदाज, ड्रोन पाडणाराहि गोलंदाज, आणि मधल्या आकाशाचा धनी हवाईदल. बडगामला जें एक चित्र नव्हतें, तें सहा वर्षांनीं उभें राहिलें होतें.

त्याच वर्षीं २६ जुलै रोजीं द्रास येथें भूदलप्रमुखांनीं नवी रचना जाहीर केली. पायदळाच्या पलटणींत ड्रोनांच्या तुकड्या द्यावयाच्या, आणि तोफखान्यांत 'शक्तिबाण' पलटणी व 'दिव्यास्त्र' तोफा-तुकड्या उभ्या करावयाच्या, ज्यांच्याजवळ टेहळणीचीं निर्वैमानिक विमानें व आदळणारीं निर्वैमानिक आयुधें दोन्ही असतील. २०२१ सालीं जें गोलंदाजाच्या घरांतून निघून उडविणाऱ्याच्या घरीं गेलें होतें, तें लहान रूपानें चारच वर्षांत माहेरीं परतलें. नांवाची निवड करणाऱ्यांच्या मनांत रामायण-महाभारत असेल; आमच्या मनांत मात्र 'बाण' म्हटल्याबरोबर मराठी पत्रांतले बाणदार उभे राहिले. जुन्या पत्रांतला बाण म्हणजे धनुष्याचा बाण समजून फसलेले नवशिके आपण सर्वांनीं पाहिले आहेत. तो दारूनें भरलेला व वाऱ्यानें वाटेल तिकडे जाणारा अग्निबाण. आतांच्या बाणाला डोळा आहे, आणि तो मध्येंच वळतो.

देवळालीच्या शाळेंत 'तोपची' नांवाचा वार्षिक युद्धसराव होतो, त्यांत अलीकडे तोफांच्या बरोबरीनें ड्रोनहि उडतात. नवी मुंबईच्या आयडियाफोर्ज ह्या कारखान्यानें २०२१ सालीं भूदलाकडून उभें चढणाऱ्या लहान टेहळणी-विमानांची मागणी मिळविली. दादरच्या शिवाजी पार्कावर प्रजासत्ताकदिनाचें संचलन असलें म्हणजे पोलिसांचा ड्रोनबंदीचा हुकूम निघतो. तोहि ह्याच इतिहासाचा एक कागद आहे, व तो कोणी जपून ठेवीत नाहीं.

कागदांचा विषय निघालाच आहे म्हणून आमची विनंति येथेंच सांगतों. ऑस्टर विमान उडविणाऱ्या गोलंदाजाजवळ स्वतःची उड्डाणवही असे. ती तो निवृत्तीनंतर घरीं नेई. त्यामुळें १९४७ ते १९८६ पर्यंतच्या हवाई निरीक्षण-ठाण्यांचा इतिहास निदान घरोघरच्या ट्रंकांत तरी शिल्लक असण्याचा संभव आहे. हेरॉन चालविणाऱ्याच्या खोलींतली नोंद यंत्रांत राहते. ती घरीं नेतां येत नाहीं, आणि यंत्र बदललें कीं जुनी नोंद वाचणारें साधनहि नाहींसें होतें. संरक्षण मंत्रालयानें जून २०२१ मध्यें युद्धांचे इतिहास लिहिण्याविषयीं व जुनीं दप्तरें खुलीं करण्याविषयीं जें धोरण ठरविलें, त्याप्रमाणें दप्तरें साधारणपणें २५ वर्षांनीं खुलीं व्हावयाचीं. त्या हिशेबानें कारगिलचीं २०२४ पासून मागतां येण्याजोगीं झालीं, आणि हेरॉन तोफखान्याकडून निघालें त्याचीं २०४६ च्या सुमारास होतील. तोंपर्यंत खासगी कागदांवरच भिस्त आहे. ज्यांच्या घरीं निवृत्त गोलंदाज-वैमानिकांच्या उड्डाणवह्या, नकाशे किंवा घरीं पाठविलेलीं पत्रें असतील, त्यांनीं गोपनीयतेची मर्यादा पाळून, तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, कामाचें स्वरूप आणि उतरण्याची जागा हे रकाने जसेच्या तसे उतरून घ्यावे. शेऱ्याचा रकाना बहुधा लोक गाळतात. तो मात्र गाळूं नये, कारण त्या दिवशीं उडण्याचा हुकूम तोफखान्याचा होता कीं हवाईदलाचा, हें असलेंच तर त्याच रकान्यांत असावयाचें.